तात्या विंचू, आम्ही आणि आमची मुले

सिनेमावरून आमच्या घरात कधी भांडण झाले नव्हते. झाले ते २०२४ च्या ऑक्टोबरात, आणि तेही एका बाहुल्यावरून.

आम्ही चार भावंडे. थोरला आंजी (मोठी) येथेच असतो, शेती पाहतो. आई त्याच्याजवळ आहे. मधली हिंगणघाटला दिली आहे. तिसरा नोकरीनिमित्त नागपूरला, धाकटी पुलगावला. वर्षातून दोनदा आम्ही हटकून एकत्र येतो, एक जयंतीला आणि दुसऱ्यांदा धम्मचक्र प्रवर्तन दिनी. त्या वर्षी १२ ऑक्टोबरला सारे दीक्षाभूमीवर जाऊन आलो आणि दुसऱ्या दिवशी, रविवारी, आंजीला घरी जमलो. अंगणात सोयाबीनच्या गंज्या पडलेल्या, घरभर त्याचीच धूळ. जेवणे झाली. तिसऱ्याने मोबाईलवर बातमी वाचून दाखविली की महेश कोठारे ‘झपाटलेला ३’ काढणार आहेत. आम्ही चौघेही एकदम ओरडलो. आमची वये ४७, ४४, ४१ आणि ३७. मुले मात्र आमच्याकडे पाहतच राहिली.

थोरल्याचा मुलगा एकवीस वर्षांचा आहे, नागपूरला शिकतो. तो म्हणाला, “काका, ते कॉपी आहे न! इंग्लिश पिक्चर आहे ओरिजिनल, चकीवाला.”

मुलगा म्हणाला ते खोटे नाही. ‘चाइल्ड्स प्ले’ हा अमेरिकन सिनेमा १९८८ सालचा. एका गुन्हेगाराचा जीव मंत्राने बाहुल्यात जातो, ही त्याची गोष्ट. ‘झपाटलेला’ १९९३ चा. पण हे त्या वेळी आम्हाला कोण सांगणार होते? आणि सांगितले असते तरी काय फरक पडला असता? तिसरा चिडला. म्हणाला, “तुमाले काय समजते त्यातलं? तुमी पाह्यला आहे का पूर्ण?” मधलीचा चौदा वर्षांचा मुलगा म्हणाला, “मामा, तुमी लहान होते म्हणून तुमाले चांगला वाटते. आता पाहा, बोर होते का नाही.” यावर तिसरा असे काही बोलला की आईला मध्ये पडावे लागले.

रात्री आम्ही गुमान बसलो तेव्हा वाटले, पोट्टा बोलला त्यात काही तथ्य आहे का? आम्हाला तो पिक्चर आवडतो की त्या वेळचे आमचे वय आवडते? प्रश्न साधा वाटतो, पण आम्हा चौघांचे त्यावर एकमत होईना. तेव्हा ठरविले, आताच सगळ्यांनी मिळून पाहायचा. कोण कुठे हसते आणि कोण कुठे जांभई देते ते कळेल.

त्याआधी आम्ही तो पहिल्यांदा कसा पाहिला हे सांगितले पाहिजे.

साल १९९४. आंजीला आमच्या वस्तीत जयंतीची वर्गणी त्या वर्षी बरी जमली होती. कापसाला भाव बरा मिळाला असावा, किंवा मंडळाची पोरे नेटाने फिरली असतील. मिरवणूक, भाषणे, भीमगीते होऊन काही पैसे उरले. मंडळातील तरुणांनी ठराव केला की वर्ध्याहून रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणायचा, आणि रात्री विहारासमोरच्या मोकळ्या जागेत पिक्चर दाखवायचा. वस्तीतला आपला पहिला व्हिडिओ. कॅसेट ठरली ‘झपाटलेला’.

याला विरोध झाला तो आमच्या वस्तीतील एका जुन्या कार्यकर्त्याकडून. त्यांना सारे तात्याजी म्हणत. १९५६ साली ते तरुणपणी पायी आणि मिळेल त्या वाहनाने नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले होते. वस्तीत अंगारे-धुपारे, देवाच्या परड्या, भगत या गोष्टी बंद करण्यात त्यांची निम्मी हयात गेली होती. ते सभेत उभे राहून म्हणाले, “बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या वस्तीत मंत्रतंत्राचा खेळ लावता? अन् तोही बाबासाहेबांच्या जयंतीले?” तरुणांकडे उत्तर नव्हते. शेवटी तडजोड निघाली. जयंतीच्या दिवशी नको, दुसऱ्या दिवशी, १५ एप्रिलच्या रात्री दाखवायचा. तात्याजी येणार नाहीत असे म्हणाले, आणि सर्वांच्या आधी येऊन खुर्ची टाकून बसले. पाहिल्याशिवाय बोलणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

सतरंज्या अंथरल्या. लहान मुले पुढे, बाया एका बाजूला, गडीमाणसे मागे आणि कडेला. आमच्यातली धाकटी सात वर्षांची होती, ती पहिल्या रांगेत टीव्हीपासून हातभर अंतरावर. थोरला सतरा वर्षांचा, मंडळाचा कार्यकर्ता म्हणून वायरीपाशी उभा. बाबा मागे बिडी ओढत होते. (बाबा आता नाहीत.)

गोष्ट बहुतेकांना ठाऊकच असेल. तात्या विंचू हा नामचीन गुंड. बाबा चमत्कार नावाच्या मांत्रिकाकडून तो एका शरीरातून दुसऱ्या शरीरात जाण्याचा मंत्र काढून घेतो. इन्स्पेक्टर महेश जाधवची गोळी लागते तेव्हा जवळ पडलेल्या बाहुल्यात आपला जीव घालतो. तो बाहुला पोहोचतो लक्ष्याकडे. बोलक्या बाहुल्यांचे वेड असलेला हा भोळा, खेड्यातला, आईचा लाडका लक्ष्या. लक्ष्मीकांत बेर्डे लक्ष्या, स्वतः कोठारे इन्स्पेक्टर, मधु कांबीकर लक्ष्याची आई, आणि तात्या विंचूचा आवाज दिलीप प्रभावळकरांचा. बाहुला रामदास पाध्ये यांचा. पाध्ये म्हणजे अर्धवटरावांचे पाध्ये. ते दूरदर्शनवर आम्ही पाहिले होते, त्यामुळे बाहुला बोलणार यात आम्हाला नवल नव्हते. हा बाहुला मात्र कोणाच्या मांडीवर बसलेला नव्हता.

आणि नेमके, बाहुल्यात जीव येतो, तो बोलू लागतो, त्याच वेळी लाइन गेली.

वस्ती काळीभोर. जनरेटर आणला होता, पण तो चालू व्हायला पंधरा मिनिटे लागली. त्या पंधरा मिनिटांत मागून कोणीतरी नाकातून बारीक आवाज काढला आणि सारी पोरे एकदम किंचाळली. धाकटी रडत रडत आईकडे धावली ती दुसऱ्याच बाईच्या मांडीवर जाऊन बसली, आणि उजेड आला तेव्हा दोघींनाही कळले. आजही ती सांगते की तात्या विंचू आपल्याला सर्वांत जास्त भेवडावून गेला तो पडद्यावर नसताना.

शेवटी बाहुल्याला दोन भुवयांच्या मध्ये गोळी लागते आणि तो मरतो. सारी वस्ती टाळ्या वाजवू लागली. तात्याजी खुर्ची उचलून निघाले. जाता जाता म्हणाले, “पोलिसाच्या गोळीनं मरते ते भूत कायचं? गुंडच तो.” आमच्या मते ‘झपाटलेला’वरचे याहून चांगले परीक्षण कोणी लिहिले नसेल. पुढे वर्षभर पोरे तात्याजींना पाठीमागून ‘विंचू’ म्हणत. त्यांना ते ठाऊक होते.

त्याच रात्री जनरेटरचे डिझेल उरले म्हणून आणखी एक कॅसेट लावली होती. हिंदी होती. बहुतेक लोक जागेच होते, आम्हीही होतो. आता चौघांनी कितीही डोके खाजविले तरी तिचे नाव आठवत नाही. एक जण म्हणतो मिथुनचा होता, दुसरी म्हणते धर्मेंद्रचा. तीच रात्र, तीच सतरंजी, तेच वय. आठवणीनेच सिनेमा गोड होत असेल तर हाही व्हायला पाहिजे होता. हा मुद्दा मधलीने काढला आणि तिच्या मुलाला गप्प केले. थोडाच वेळ, पण केले.

तर २०२४ च्या त्या रविवारी रात्री आम्ही पुन्हा ‘झपाटलेला’ लावला. पुतण्याने मोबाईल टीव्हीला जोडून दिला. आई दिवाणावर, आम्ही खाली, मुले इकडेतिकडे.

प्रामाणिकपणे सांगायचे तर पहिला अर्धा तास आम्हाला लाजल्यासारखे झाले. सिनेमा मंद वाटला. गाणी लांबली. काही विनोद असे की मुलींसमोर आता आपण ते करणार नाही. आम्ही एकमेकांकडे न पाहता बसलो होतो. चौदा वर्षांचा पोरगा मोबाईलमध्ये डोके घालून बसला, आणि तो जिंकला असे वाटू लागले.

मग बाहुला बोलू लागला. धाकटीची मुलगी नऊ वर्षांची आहे. तिला या पिक्चरची काही आठवण नाही, असण्याचे कारणच नाही. ती टीव्हीवर रोज याहून भयंकर काहीबाही पाहते. पण तिने पाय वर घेतले. मग आजीच्या पदराचे टोक धरले. घरातले सगळे दिवे चालू होते, लाइन गेलेली नव्हती. एकवीस वर्षांचा शहाणा मुलगाही हळूहळू सरकत पुढे आला. म्हणाला, “हे खरंच हातानं चालवलं आहे? कॉम्प्युटर नाही?” नाही. १९९३ साली मराठी सिनेमात असा कॉम्प्युटर कोण लावणार? हाताने, दांड्यांनी, दोऱ्यांनी चालणारा बाहुला. तोंडाचा खालचा जबडा आणि डोळे आतून खटक्याने हलतात. तो खरोखर त्या खोलीत होता, लक्ष्याच्या हातात वजन असलेली वस्तू होती. नटाला घाबरायला समोर काहीतरी होते. मुलाला हे पटले. तो म्हणाला, “म्हणून तो लक्ष्या एवढा खरा घाबरते.”

आणि कॉपीचे म्हणाल तर त्या अमेरिकन गोष्टीत बाहुला लहान मुलाकडे जातो. मुलाचे कोणी ऐकत नाही कारण तो लहान आहे. आमच्याकडे तो थोराड झालेल्या लक्ष्याकडे येतो. तो खरे सांगतो तरी कोणी ऐकत नाही, कारण तो लक्ष्या आहे. एवढा फरक केला की गोष्ट आपली झाली. हिंदीवाल्यांनी हाच मराठी सिनेमा ‘खिलौना बना खलनायक’ या नावाने १९९५ साली घेतला, ते उगीच नाही.

आईचे हसणे वेगळ्याच ठिकाणी होते. लक्ष्या आणि त्याची आई बोलू लागले की ती हसे. तिने बाहुल्याकडे फारसे लक्षच दिले नाही. दिलीप प्रभावळकर हेच पुढे २००६ साली ‘लगे रहो मुन्नाभाई’त गांधीजी झाले हे पुतण्याने तिला सांगितले. सेवाग्राम आमच्याच जिल्ह्यातले, त्यामुळे ती मिनिटभर विचारात पडली. मग म्हणाली, “पोटासाठी माणूस काहीबी होते बापा.”

सिनेमा संपल्यावर तिसरा मुलांना म्हणाला, “पाह्यलं? अन् आमी तर हे उघड्यावर पाह्यलं होतं, पुढच्या सतरंजीवर बसून.” त्याच्या आवाजात इतका अभिमान होता की नऊ वर्षांची पोरगी विचारती झाली, “मामा, पुढं बसलं तर त्यात काय?”

आमच्यापैकी कोणी बोलेना.

हे आम्ही मुलांना कधी सांगितले नव्हते. ठरवून नव्हे, राहून गेले म्हणा. रामायण मालिका जानेवारी १९८७ मध्ये सुरू झाली आणि ३१ जुलै १९८८ पर्यंत दर रविवारी सकाळी चालली. आमच्या वस्तीत टीव्ही नव्हता. गावात एका घरी होता. रविवारी सारा गाव तिथे लोटे. गावातली पोरे आत बैठकीत बसत. आम्ही, म्हणजे थोरला, मधली, हात धरून आणलेला तिसरा, आणि कधी कडेवर धाकटीला घेऊन आई, अंगणात. उंबरठ्याच्या खाली. दारात उभी असलेली माणसे हलली की जेवढा दिसे तेवढा राम पाहायचा. पावसाळ्यात खिडकी लावून घेत, मग आवाज ऐकायचा. त्या घरातील लोक वाईट नव्हते. आजारपणात त्यांनी बाबांना पैसेही दिले होते. जागा ठरलेली होती, एवढेच.

राम पाहायला आम्ही जातोच कशाला, हा तात्याजींचा प्रश्न होता आणि तो बरोबरच होता. पण पोरांना राम पाहायचा नव्हता, टीव्ही पाहायचा होता.

हे सारे मधलीने थोडक्यात सांगितले. एकवीस वर्षांच्या मुलाचा चेहरा लाल झाला. “तुमी आत काऊन नाही गेले? कोणी नाही म्हटलं होतं का?”

उत्तर आईने दिले. “कोणी नाही म्हटलं नाही रे. कोणी या बी म्हटलं नाही.”

तेव्हा आम्हाला आमचेच कोडे थोडे उलगडले. १५ एप्रिल १९९४ च्या रात्री आम्ही पहिल्यांदा पिक्चर समोरून पाहिला. पूर्ण चौकट, चारही कोपरे. मध्ये कोणाची पाठ नाही. टीव्ही भाड्याचा असला तरी भाडे आमच्या वर्गणीचे होते. त्या रात्री कोणताही पिक्चर असता तरी... पण नाही, तसेही म्हणता येत नाही, कारण दुसरी कॅसेट आम्ही विसरलोच की! आणि नऊ वर्षांच्या मुलीने पाय वर घेतले, तिला ना वर्गणी ठाऊक ना उंबरठा. पिक्चरमध्ये काहीतरी होते आणि आमच्यातही काहीतरी होते. कोणाचा वाटा किती, हे वजनकाट्यावर घालून सांगणे आम्हाला जमलेले नाही.

वाद मात्र तिथे मिटला नाही, कारण पुतण्याने आता दुसरा भाग काढला.

‘झपाटलेला २’ आला ७ जून २०१३ रोजी. त्याची जाहिरात आम्ही महिनाभर पाहत होतो. तात्या विंचू परत येणार, आणि तोही थ्रीडीत, चष्मा लावून पाहायचा. थोरल्याने ठरविले की काही झाले तरी पाहायचाच. पेरणी तोंडावर आलेली, बियाण्याचे पैसे वेगळे काढून ठेवलेले, त्यातून त्याने काढले. वहिनी दोन दिवस बोलली नाही. आंजीहून एस.टी.ने वर्धा, तिथून नागपूर. आम्ही चौघे भावंडे आणि दहा वर्षांचा हा पुतण्या. आईला नेले नाही. घरी कोणीतरी पाहिजे होते, गायीचे दिवस भरत आले होते.

आम्ही चौघे हिरमुसले होऊन परतलो. लक्ष्मीकांत बेर्डे १६ डिसेंबर २००४ रोजीच गेले होते. नायक झाला होता कोठारे यांचा मुलगा आदिनाथ, जो १९९४ च्या ‘माझा छकुला’त लहान मुलगा होता. मुलगा देखणा आहे, काम वाईट केले असेही नाही. पण आम्ही सारा वेळ पडद्यावर लक्ष्याला शोधत होतो. बाहुला अंगावर धावून येई, लोक ओरडत, आणि आम्ही चष्मा काढून एकमेकांकडे पाहत होतो. परतीच्या एस.टी.त थोरला म्हणाला, बियाण्याचे पैसे गेले.

पुतण्या आता म्हणाला, “बाबा, तुमाले खरं सांगू? मले दुसराच आवडते.” आम्ही अवाक् झालो. तो सांगू लागला. टॉकीजमध्ये तो पहिल्यांदाच गेला होता. थंड हवा, अंधार, तो काळा चष्मा जो त्याने परत न करता खिशात घातला होता (हे आम्हाला अकरा वर्षांनी कळले), मध्यंतरात मधल्या आत्याने घेऊन दिलेला समोसा. बाहुला पडद्यातून बाहेर आला तेव्हा त्याने हात पुढे केला होता, पकडायला. थोरला नुसता ऐकत होता. ज्या प्रवासाला तो अकरा वर्षे फसलेला खर्च समजत होता, तो पोराच्या मनात असा जपून ठेवलेला.

“मंग तुमी त्या दिवशी कावून बसले होते, तेही आठवते मले,” पोरगा म्हणाला. “मले वाटे, माह्यावरच रागावले.”

थोरला उठून बाहेर गेला. सोयाबीनवर ताडपत्री नीट आहे का पाहून आला. आकाशात ढगही नव्हते.

जाता जाता एक नोंदवतो. हा दुसरा भाग आला त्याच वर्षी, २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. अनेक वर्षे अडून राहिलेला जादूटोणाविरोधी कायदा त्याच डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात संमत झाला. मंत्राने जीव बाहुल्यात जातो हे पाहून आपण खदखदा हसतो आणि घरी जातो. मंत्राने काही होत नाही हे सांगत फिरणाऱ्याला मात्र गोळ्या घालतात. तात्याजी तोवर हयात नव्हते. असते तर काय म्हणाले असते, याचा आम्ही कधीकधी विचार करतो.

आता राहिला चौदा वर्षांचा. त्याचे दैवत पुष्पा. पहिला ‘पुष्पा’ डिसेंबर २०२१ मध्ये आला तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. हिंदीत डब झालेला त्याने मोबाईलवर पाहिला. त्यातला हिंदी आवाज आपल्या श्रेयस तळपदेचा आहे हे त्याला आम्ही सांगितले तेव्हा त्याला ते आवडले नाही. पुष्पाचा आवाज पुष्पाचाच असला पाहिजे. खांदा वर करून चालणे, हनुवटीखालून हात फिरवणे, हे त्याचे वर्षभर चालले होते. शाळेत मार खाल्ला. दुसरा भाग ५ डिसेंबर २०२४ ला आला. त्याआधी दोन महिने तो आम्हाला दिवस मोजून सांगत होता. तीन तास वीस मिनिटांचा पिक्चर. आम्ही म्हटले, एवढ्यात आमचे दोन मराठी पिक्चर होतात. आदल्या रात्री हैदराबादला एका टॉकीजसमोर चेंगराचेंगरी होऊन एक बाई मेली, तिचा लहान मुलगा गंभीर जखमी झाला. ती बातमी वाचून मधलीने त्याला आठवडाभर जाऊ दिले नाही. आमच्या मते तिने बरोबर केले.

मग तो मित्रांबरोबर पाहून आला. मधलीने फोनवर आम्हाला सांगितले. आल्या आल्या दप्तराजवळ बसला आणि म्हणाला, “आई, चांगला आहे, पण पहिल्यासारखी मजा नाही.”

वय वर्षे चौदा! आम्ही तिघांनी तीन ठिकाणी बसून फोनवर इतके हसून घेतले की विचारू नका. त्याला आठवणीचा आजार लागला होता, आणि तोही तीन वर्षांच्या जुन्या आठवणीचा. पहिला ‘पुष्पा’ त्याने कुठे पाहिला होता ते मधलीला आठवले. आजीकडे आंजीला, थंडीत, एकाच गोधडीत तीन मावस-मामे भावंडे, मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलेला. मोबाईल पडे, कोणीतरी उचलून ठेवी. पडद्याला आडवी भेग होती.

तिसऱ्याने त्याला फोन करून मुद्दाम विचारले, “काय भाच्या, बोर झाला का?” पोरगा म्हणाला, “मामा, जाऊ द्या न.”

या १४ एप्रिलला पुन्हा सारे आंजीला जमलो तेव्हा झपाटलेल्याच्या तिसऱ्या भागाचा विषय निघाला. तो कधी येईल तेव्हा येवो. पुतण्या म्हणाला, आता मशीनने मेलेल्या नटालाही पडद्यावर चालता-बोलता करतात, चेहरा तोच, आवाज तोच. मनात आणले तर लक्ष्यालाही परत आणतील. आम्ही चौघे जरा गोंधळलो. लक्ष्या परत दिसावा असे २०१३ साली आम्हाला किती वाटले होते! पण आता ते ऐकून बरे वाटेना. धाकटी म्हणाली, हे तर तात्या विंचूसारखेच झाले, एकाचा जीव काढून दुसऱ्यात घालायचा.

आई हरभऱ्याची डाळ निवडत होती. ती म्हणाली, “मेलेल्या माणसाले कायले उठवता? त्याले निजू द्या. अन् मागच्या वेळी मले घरी ठेवून गेले होते तुमी. या वेळी मी येणार.”

आम्ही चपापलो. आईने टॉकीजमध्ये पिक्चर पाहिलेलाच नाही, हे आमच्या लक्षातही नव्हते. पुतण्याने लगेच बोटांवर माणसे मोजायला सुरुवात केली. अकरा झाली. म्हणाला, “आजी, तुले एकदम मागची चांगली सीट काढतो, वरची. सोफ्यावानी असते. तिथून मस्त दिसते.”

“मागं नाही. पुढं काढ.”

“आजी, पुढं बसलं तर मान दुखते न. पुढच्या सीटा सगळ्यात स्वस्त असतात.”

“दुखू दे,” आई म्हणाली, आणि डाळीतला खडा उचलून तिने अंगणात टाकला.